दाणाबंदर ते वाशी: मुंबईच्या ताटामागचा बाजार

मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीचा इतिहास मुंबईपासून सुरू होत नाही. त्याची पहिली पाने वऱ्हाडात लिहिली गेली आहेत. १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमाने कारंजा लाड येथे देशातला पहिला नियमित कापूस बाजार सुरू झाला. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. खरेदी-विक्री नेमलेल्या जागीच व्हावी, वजन-मापावर देखरेख असावी आणि बाजाराचा कारभार एका समितीच्या हाती असावा, ही चौकट त्या कायद्याने घालून दिली. आज महाराष्ट्रात 'बाजार समिती' म्हटले की जे डोळ्यांसमोर येते, त्याची बीजे तिथली.

हा कायदा शेतकऱ्याच्या कळवळ्यातून आला, असे मात्र मानू नये. मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला, न भिजवलेला, बिनभेसळीचा कापूस हवा होता. सुरुवातीच्या समित्यांवर वजन होते ते व्यापाऱ्यांचे. ज्याच्या गाडीतून माल यायचा, त्याला तिथे खुर्ची नव्हती. तरीही चारचौघांसमोर तोल झाला पाहिजे हे तत्त्व एकदा कागदावर आले ते आले. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने नियमित बाजार देशभर व्हावेत अशी शिफारस केली. मुंबई इलाख्यात १९२७ मध्ये कापूस बाजारांचा आणि १९३९ मध्ये सर्व शेतमालाच्या बाजारांचा कायदा झाला. संयुक्त महाराष्ट्रानंतर १९६३ चा महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन (नियमन) अधिनियम आला आणि त्याचे नियम १९६७ मध्ये लागू झाले. त्या अधिनियमाखाली १९७७ साली मुंबईची समिती उभी राहिली. वऱ्हाडातल्या पहिल्या कायद्यापासून मुंबईतल्या समितीपर्यंत यायला ऐंशी वर्षे लागली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पहिला कायदा झाला त्या वऱ्हाडातच आजचा यवतमाळ जिल्हा येतो; १८९७ मध्ये त्याचे नाव वणी जिल्हा असे होते. यवतमाळ हे नाव त्याला १९०५ मध्ये मिळाले. या जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, पैनगंगेच्या अलीकडे झरी जामणी तालुका आहे आणि त्या तालुक्यात मुकुटबन. माजरी-आदिलाबाद रेल्वेमार्गावरचे हे गाव. मुंबईहून आदिलाबादमार्गे येणारी नंदिग्राम एक्सप्रेस याच रुळांवरून वणीकडे जाते. आजूबाजूला काळी जमीन, कोलाम आदिवासींचे पोड, कापूस, सोयाबीन आणि तूर. जमिनीच्या पोटात कोळसा आणि चुनखडी. २०२२ मध्ये इथे मोठा सिमेंट कारखाना सुरू झाला आणि गावाचा तोंडवळा बदलला. वाशीच्या बाजारपेठेशी या गावाचे नाते काय, असा प्रश्न कोणी विचारला तर उत्तर एका धान्यात आहे: तूर.

विदर्भात तूर सहसा एकटी पेरत नाहीत. कापसाच्या सहा-आठ ओळी झाल्या की एक ओळ तुरीची, अशी जुनी रीत आहे. कापूस साथ देत नाही त्या वर्षी तूर घर तारते. डिसेंबर-जानेवारीत शेंगा वाळल्या की कापणी आणि मळणी होते, मग माल बाजार समितीच्या आवारात येतो. तिथून तो अकोल्याच्या किंवा नागपूरच्या डाळ गिरणीत. गिरणीत तुरीला तेल-पाण्याचा हात देतात, उन्हात वाळवतात, टरफल काढतात आणि दाणा फोडतात. शंभर किलो तुरीतून साधारण सत्तर किलो डाळ निघते. उरलेली चुनी आणि टरफल गुरांच्या दावणीला जाते. डाळीची पोती ट्रकवर चढतात आणि वाशीच्या दाणाबाजारात उतरतात. तिथून डोंबिवलीच्या किराणा दुकानात, मग कोणाच्या तरी कुकरमध्ये. या प्रवासात मालाला किती हात लागतात, ते मोजू गेले तर शेतकरी आणि गृहिणी यांच्यामध्ये आठ-दहा माणसे सहज भरतात. त्या प्रत्येकाचा वाटा किमतीत असतो.

वाशीच्या आधी मुंबईचे पोट भरणारे बाजार शहराच्या पोटातच होते. १८६९ मध्ये पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या नावाने मंडई उभी राहिली. विल्यम इमर्सन यांनी तिचा आराखडा केला, आणि तिच्या दर्शनी भागावरची शेतकऱ्यांची शिल्पे लॉकवुड किपलिंग यांची. आज ती महात्मा जोतीराव फुले मंडई म्हणून ओळखली जाते. फळांचा घाऊक व्यापार तिथे चाले. भाजीपाला भायखळ्याच्या मंडईत उतरे. धान्य दाणाबंदरावर, मिरची-मसाला मस्जिद बंदराच्या गल्ल्यांत. बंदर आणि मालधक्का दोन्ही हाकेच्या अंतरावर असल्याने ही जागा सोयीची होती. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचल्यावर वऱ्हाड-मध्य प्रांताचा माल थेट या धक्क्यावर येऊ लागला. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ च्या मे महिन्यात, मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले तेव्हा शहराच्या पुरवठ्याचा दोर किती बारीक आहे हे सरकारला पहिल्यांदा नीट दिसले.

मग शहर वाढले. १९६१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे ४१ लाख होती. १९८१ मध्ये ती ८२ लाखांवर गेली. वीस वर्षांत खाणारी तोंडे दुप्पट झाली, पण भायखळ्याचा रस्ता तेवढाच राहिला. पहाटे ट्रकच्या रांगा, दिवसा कार्यालयांकडे जाणारी गर्दी, मधे हातगाड्या. मस्जिद बंदरात पोती उतरवायला जागा नाही म्हणून ट्रक तासन्‌तास उभे. माल सडायचा तो शेतकऱ्याचा, आणि वाढीव भाडे भरायचे ते गिऱ्हाइकाने. घाऊक बाजार खाडीपलीकडे न्यावा, ही कल्पना नव्या मुंबईच्या आराखड्यातच होती. सिडकोची स्थापना १९७० ची. ठाणे खाडीवरचा पहिला पूल १९७३ मध्ये वाहतुकीला खुला झाला. पूल नसता तर वाशीत बाजार नसता, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

स्थलांतर एका दिवसात झाले नाही. त्याला पंधरा वर्षे लागली. १९८१ मध्ये कांदा-बटाटा बाजार वाशीत आला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मसाला, सुकामेवा आणि धान्याचे व्यापारी आले. फळे आणि भाजीपाला १९९६ मध्ये. प्रत्येक वेळी विरोध झाला. पिढ्यान्‌पिढ्या मस्जिद बंदरात पेढी चालवणाऱ्याला वाशी म्हणजे परमुलूख वाटे. मानखुर्द-वाशी रेल्वे १९९२ मध्ये सुरू होईपर्यंत कामगारांना आणि खरेदीदारांना बसशिवाय सोय नव्हती, त्यामुळे हा विरोध अगदीच निराधार नव्हता. तरीही हलवणे योग्यच होते. हे बाजार दक्षिण मुंबईतच राहिले असते तर आजच्या मुंबई-ठाणे-पनवेल पट्ट्याला अन्न पुरवणे अशक्य झाले असते.

या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे पान मात्र ना सिडकोचे आहे, ना व्यापाऱ्यांचे. ते हमालांचे आहे.

दाणाबंदरावर पाठीवर, डोक्यावर पोती वाहणारा माणूस बहुधा साताऱ्याच्या पाटण-जावळीकडचा किंवा पुण्याच्या जुन्नर-आंबेगावकडचा असे. रोज काम मिळेलच याची खात्री नाही, मजुरी टोळीच्या मुकादमाच्या हातून, आजारी पडला तर गावाचा रस्ता. पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळेचे अण्णासाहेब पाटील यांनी या माणसांना संघटित केले. त्यातून १९६९ चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा आला. देशात असंघटित कामगारांसाठी अशी रचना तोवर कुठे नव्हती. मालक कामाची मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही माथाडी मंडळाकडे भरतो. मंडळ कामगाराला पगार देते आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा, दवाखाना यांची तजवीज करते. दिवसा एका पेढीवर आणि रात्री दुसऱ्या पेढीवर राबणाऱ्याला एक कायमचा मालक नसतो, ही अडचण या कायद्याने अचूक ओळखली होती. अण्णासाहेबांचे २३ मार्च १९८२ रोजी निधन झाले. पुढे बाजार वाशीत स्थिरावत गेला तशी कोपरखैरणे-घणसोलीत माथाडींची घरे उभी राहिली, आणि एका पिढीत अनेक हमालांची मुले शिकून नोकरीला लागली.

धान्याची गाडी रिकामी होताना पाहिली की हा कायदा का हवा होता ते समजते. ट्रकच्या फाळक्यापाशी दोघे उभे राहतात आणि पोते उचलून खालच्याच्या पाठीवर अलगद सोडतात. खालचा माणूस गुडघ्यांत किंचित वाकलेला, मान पुढे, डोक्यावर टोपीसारखी घडी केलेले गोणपाट. पोते बसले की तो क्षणभर थांबतो, तोल घेतो आणि मग पळत्या चालीने गाळ्याच्या आत जातो. रिकाम्या हाताने परत येताना तो चालतो. तोलणार काट्याचा आकडा मोठ्याने सांगतो, मापाडी लिहून घेतो. एकेकाळी ही पोती क्विंटलची असत. १९६७ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने माणसाने एका वेळी वाहायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो सुचवली. वाशीत पन्नास किलोंहून जड गोणी उतरवणार नाही म्हणून माथाडींना वारंवार काम थांबवावे लागले आहे. शहरातले लोक तेव्हा भाव वाढल्याची तक्रार करतात. त्या तक्रारीपेक्षा कण्याच्या मणक्याची तक्रार जुनी आहे.

वाशीत आज पाच बाजार आहेत: कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाला आणि दाणा. भाजीपाल्याच्या गाड्या मध्यरात्रीपासून लागतात. नाशिक, पुणे, सातारा हे जवळचे जिल्हे. वाटाणा हंगामाप्रमाणे मध्य प्रदेशातून किंवा हिमाचलातून. बटाटा आग्रा आणि इंदूरकडून. नेहमीच्या दिवशी पाचशे-सहाशे गाड्या भाजी येते. पहाटे उपनगरांतले किरकोळ विक्रेते टेम्पो घेऊन येतात आणि उजाडेपर्यंत कोथिंबिरीची जुडी मुलुंडच्या पदपथावर पोहोचलेली असते. कांद्याची नाडी लासलगावला हलते. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या तिथल्या समितीत सकाळी निघालेला भाव वाशीच्या गाळ्यांवर लगेच कळतो. संत्री वरुड-मोर्शीकडून. आणि मार्च ते मे हे तीन महिने फळबाजार हापूसचा. देवगड-रत्नागिरीहून पेट्या येतात, गवत घालून भरलेल्या, आणि बाजाराच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा उरत नाही.

समितीच्या रचनेत एक वेगळेपण आहे. बाकीच्या समित्यांवर शेतकरी प्रतिनिधी आसपासच्या गावांतून येतात. मुंबईला असे शेत उरलेलेच नाही. म्हणून इथे राज्याच्या सहा महसूल विभागांतून प्रत्येकी दोन शेतकरी प्रतिनिधी निवडून येतात. पाच बाजारांचे पाच व्यापारी प्रतिनिधी आणि कामगारांचा एक. म्हणजे अमरावती विभागाचे, पर्यायाने यवतमाळ जिल्ह्याचे आणि मुकुटबनचेही मत या समितीत कायद्याने आहे. मुंबईच्या अन्नबाजारावर संपूर्ण महाराष्ट्राच्या शेतकऱ्याचा हक्क मानणारी ही तरतूद समितीच्या घटनेतला सर्वांत शहाणा भाग आहे. तिचा उपयोग जेवढा व्हायला हवा होता तेवढा झालेला नाही, हेही नोंदवायला हवे.

तुरीने हे दोनदा दाखवून दिले. २०१५ मध्ये पावसाने दगा दिला, पीक तुटले आणि त्या वर्षी दिवाळीच्या आधी मुंबईत तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली. साठ्यांवर छापे पडले, वर्तमानपत्रे भरून गेली. सरकारने आयात वाढवली, जुलै २०१६ मध्ये मोझांबिकशी दीर्घ मुदतीचा करार केला. शेतकऱ्यानेही चढा भाव पाहून तूर वाढवली. २०१६-१७ चा हंगाम विक्रमी आला आणि भाव कोसळला. हमीभाव क्विंटलला ५,०५० रुपये होता, पण खुल्या बाजारात तो मिळेना. सरकारी खरेदी केंद्रांवर ट्रॅक्टर-बैलगाड्यांच्या रांगा लागल्या. कुठे गोदाम भरलेले, कुठे बारदानाच संपलेला. मुंबईतल्या गृहिणीला डाळ स्वस्त झाली, विदर्भातल्या शेतकऱ्याने रात्री पोत्यांवर झोपून काढल्या. या दोन वर्षांत साखळीतला प्रत्येक जण जागेवर होता, फक्त दोन टोकांना एकमेकांची खबर नव्हती.

बाजारातली सर्वांत जुनी खोडही अशी खबर लपवण्याचीच आहे. फळबाजारात हापूसचा सौदा होताना आडत्या आणि खरेदीदार हात हातात घेतात, वर रुमाल टाकतात आणि बोटांच्या दाबाने भाव ठरतो. त्याला हत्ता म्हणतात. एक बोट, दोन बोटे, मनगटाजवळचा दाब. बघणाऱ्याला चेहऱ्यावरून काहीच कळत नाही. शेतकरी शेजारी उभा असला तरी त्याच्या पेटीला नेमका काय भाव लागला ते त्याला विक्रीची पट्टी हातात आल्यावरच समजते. आणि पट्टीत भावाखाली वाहतूक, हमाली, तोलाई वजा होऊन उरलेला आकडा असतो. कायद्याला उघड लिलाव अपेक्षित आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी वऱ्हाडात ज्या गोष्टीसाठी पहिला कायदा झाला, तीच गोष्ट राज्याच्या सर्वांत मोठ्या बाजारात अजून पूर्ण झालेली नाही.

बदल झालेच नाहीत असे नाही. २००६ च्या दुरुस्तीने खाजगी बाजार आणि थेट खरेदीचा मार्ग मोकळा केला. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून वगळला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरवले. व्यापाऱ्यांनी संप केला, माथाडींच्या मनात काम जाण्याची भीती बसली, काही दिवस शहरात भाजी महागली. त्याच वर्षी सरकारने संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजाराचे अभियान सुरू केले आणि शेतकरी थेट शहरातल्या चौकात माल विकू लागले. तरीही वाशी ओस पडली नाही. एकाच छताखाली दहा जिल्ह्यांचा माल, रोखीचा व्यवहार, उधारी सांभाळणारी पेढी आणि पहाटे तीन वाजता तयार असलेले हात, या सगळ्याला पर्याय उभा करणे कायदा बदलण्याइतके सोपे नसते.

मे २०२० मध्ये हे सर्वांना उमगले. करोनाचा संसर्ग बाजारात वाढला म्हणून ११ ते १७ मे असे आठवडाभर पाचही बाजार बंद ठेवावे लागले. शेतमालाच्या गाड्या थेट मुंबईत सोडण्याची व्यवस्था केली गेली, सोसायट्यांनी एकत्र भाजी मागवली, शेतकरी गटांनी पिशव्या घरपोच केल्या. शहर उपाशी राहिले नाही. पण त्या काळात जिवावर उदार होऊन कामावर आलेल्या माथाडी, मापाडी आणि व्यापाऱ्यांपैकी काही जण दगावले. त्यांची नावे या संस्थेच्या इतिहासात असायला हवीत.

मुकुटबनकडे पुन्हा पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. कारखान्यामुळे आणि खाणींमुळे बाहेरून माणसे आली, भाड्याच्या खोल्या, खानावळी, किराणा दुकाने वाढली. ज्या गावातून तूर शहराकडे जायची त्या गावात आता बटाटा आणि पॅकिंगची डाळ बाहेरून येते. मुंबई-नागपूरपुरता वाटणारा प्रश्न, म्हणजे वाढत्या वस्तीला वाजवी भावात ताजे अन्न कसे पुरवायचे, तो आता तालुक्याच्या गावातही आहे. तिथे वाशीएवढ्या आवाराची गरज नाही. पण तोलकाटा, सावली, शीतगृह, दिवसाचा भाव लिहिलेला फळा आणि गावच्या शेतकऱ्याला भाजीसाठी बसायला हक्काची जागा, एवढे तरी हवेच.

समितीची पन्नाशी जवळ आली आहे. त्या निमित्ताने कमानी उभारण्याआधी तिने दोन कामे हाती घ्यावीत. फळबाजारातला रुमाल कायमचा दूर करून प्रत्येक सौदा उघड लिलावाने करावा, आणि दाणाबाजारातला रोजचा डाळीचा भाव तुरीच्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातल्या प्रत्येक बाजार समितीच्या फळ्यावर त्याच दिवशी लागेल अशी सोय करावी. दोन्ही कामांना नव्या कायद्याची गरज नाही. सहा विभागांतल्या बारा शेतकरी प्रतिनिधींनी पुढच्या बैठकीत हा विषय मांडावा.